आधी सूर, मग शब्द: एका ब्रेकअप-अल्बमचं प्रकरण

नातं तुटलं की गाणी लिहिणारा माणूस आधी वही उघडतो. ती काय म्हणाली, मी काय म्हणालो, त्या रात्री रिक्षात कोण गप्प बसलं होतं, सगळं तारीखवार उतरतं. माझ्या घरातल्या छोट्या स्टुडिओत अशा वह्या घेऊन मुलंमुली येतात. वाचताना गलबलून येतं, इतकं ते खरं असतं. पण चाल लावून गायला घेतलं की गाणं उभं राहत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, आपण कुणाच्या तरी भांडणात चुकून शिरलो. असं झालं की मी जस्टिन व्हर्नन या अमेरिकन गायकाच्या एका अल्बमकडे परत जातो. त्याने हे काम वेगळ्या क्रमाने केलं, आणि तो क्रम नीट पाहिला तर बरंच काही हाती लागतं. म्हणून हे प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे.

व्हर्नन १९८१चा, अमेरिकेच्या उत्तरेकडच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ओ क्लेअर या गावचा. शाळेत असल्यापासून बँडमध्ये वाजवणारा. पुढे गावातल्याच जिवलग मित्रांबरोबर त्याने ‘डीयार्मंड एडिसन’ नावाचा बँड चालवला. हे नाव म्हणजे त्याचीच दोन मधली नावं. त्याचं पूर्ण नाव जस्टिन डीयार्मंड एडिसन व्हर्नन. २००५ साली हे चौघे बिऱ्हाड उचलून नॉर्थ कॅरोलायनातल्या रॉली शहरात गेले. गावाबाहेर पडू, मोठं काही करू, अशी उमेद होती. वर्षभरातच बँड फुटला. बाकीच्या तिघांनी ‘मेगाफॉन’ या नावाने नवा बँड उभा केला. व्हर्ननच्या हातात राहिलं ते जुनं नाव, म्हणजे त्याचं स्वतःचंच.

त्याच सुमारास प्रेमसंबंध तुटला. मोनोन्यूक्लिओसिस हा विषाणूचा आजार झाला, त्याचा यकृतावर परिणाम होऊन तो बराच काळ अंथरुणावर पडून राहिला. त्या दिवसांत ऑनलाइन पोकर खेळून पैसेही घालवले. नोव्हेंबर २००६मध्ये त्याने गाडीत सामान भरलं, रॉली सोडलं आणि थेट विस्कॉन्सिन गाठलं. तिथे रानात त्याच्या वडिलांची शिकारीसाठी बांधलेली लाकडी केबिन होती. तिथे तो सुमारे तीन महिने राहिला. हिवाळ्यात त्या भागात पारा शून्याखाली वीसपर्यंत सहज उतरतो. त्याने हरणं मारून खाल्ली, सरपण रचलं, अलास्कातल्या एका गावावरची जुनी टीव्ही मालिका बघितली. त्या मालिकेत पहिला बर्फ पडतो तेव्हा गावकरी एकमेकांना फ्रेंचमध्ये ‘बाँ इव्हेर’ म्हणतात, म्हणजे हिवाळा सुखाचा जावो. ते शब्द त्याच्या डोक्यात बसले. फ्रेंच स्पेलिंगमधला ‘एच’ त्याने काढून टाकला, कारण ते स्पेलिंग पाहिलं की त्याला इंग्रजीतलं ‘लिव्हर’ आठवायचं, आणि त्या लिव्हरनेच त्याला छळलं होतं. असं ‘बोन इव्हेर’ हे नाव तयार झालं, आणि पुढे याच नावाने तो गाऊ लागला. तीन महिन्यांनी तो बाहेर आला तेव्हा नऊ गाणी झाली होती, साधारण ३७ मिनिटांची. अल्बमचं नाव ‘फॉर एमा, फॉरएव्हर अगो’.

इथवरची गोष्ट इतकी सांगितली गेली आहे की तिची आता दंतकथा झाली आहे. प्रेमात पोळलेला माणूस, बर्फ, एकांत, आणि मग आतून आपोआप वाहून आलेलं संगीत. अल्बम जगभर पोहोचायला या कथेची मोठी मदत झाली. स्वतः व्हर्ननला मात्र पुढे तिचा कंटाळा आला, तसं तो बोललाही. मला त्याचं म्हणणं पटतं. या कथेच्या नादाने लोक चुकीची गोष्ट उचलतात. आपल्याकडेही ‘आता लोणावळ्याला एक बंगला घेतो महिनाभर, मग बघ’ असं म्हणणारे मला भेटले आहेत. बंगला घेतात, पाऊस बघतात, परत येतात.

केबिनमध्ये शिरताना व्हर्ननजवळ काय होतं, ते आधी बघू. बँडमध्ये वाजवण्याचा जवळजवळ दहा वर्षांचा हात होता. स्वतःच्या नावाने, थोड्या प्रती काढून केलेल्या रेकॉर्ड होत्या; म्हणजे एकट्याने अल्बम करायची ही पहिलीच वेळ नव्हती. आणि ज्या उंच, पातळ, थरथरत्या आवाजावर सारा अल्बम उभा आहे, तो फॉल्सेटोसुद्धा बर्फात सापडलेला नाही. डीयार्मंड एडिसनमध्ये तो खालच्या, जाड आवाजात गायचा. बँड फुटायच्या आधी, २००६मध्ये, रॉलीतल्या एका गॅलरीत त्यांनी कार्यक्रमांची मालिका केली. बँडमधल्या प्रत्येकाने आळीपाळीने आपल्याला हवं ते करून बघायचं, असा शिरस्ता होता. व्हर्ननने तिथे हा आवाज लावून पाहिला. म्हणजे हत्यार घडलं ते मित्रांच्या संगतीत, भरल्या खोलीत. केबिनने दिला तो वेळ. आणि दुसऱ्या कुणाच्या कानावर आवाज पडणार नाही, याची खात्री.

सामान फारसं नव्हतं. एक जुना मॅकिंटॉश संगणक, एक जुनी सिल्व्हरटोन गिटार आणि शुअर कंपनीचा एसएम ५७ हा मायक्रोफोन. एसएम ५७ कुठल्याही साउंडवाल्याकडे सापडेल. १९६५पासून बाजारात आहे, दणकट आहे, ढोल-ताशापुढे ठेवा नाहीतर गिटारच्या ॲम्पसमोर, तक्रार करत नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष भाषण करतात त्या टेबलावरही हाच असतो. मात्र हळुवार गाण्यासाठी स्टुडिओवाले सहसा तो निवडत नाहीत. त्यासाठी कंडेन्सर माइक लागतो, जो श्वाससुद्धा टिपतो. एसएम ५७ला आवाज हवा असेल तर त्याच्या अगदी तोंडाशी जावं लागतं. तसं गेलं की आवाजाचा खालचा भाग फुगतो, वरची चमक थोडी दबते. या अल्बममधला आवाज कानाशी बोलल्यासारखा आणि तरी जरा धुरकट का लागतो, याचं निम्मं उत्तर मला इथे दिसतं.

एकच माणूस असला की सगळं एकावर एक चढवावं लागतं. आधी गिटार, मग एक आवाज, मग दुसरा, मग पायाचा ठेका. व्हर्ननने एकाच ओळीवर स्वतःचा आवाज पुन्हा पुन्हा गाऊन ठेवला, काही ठिकाणी आठ-आठ वेळा. इथे बारीक बघायला हवं, कारण संगणकावर ही गोष्ट दोन बटणांत होईल असं वाटतं. तसं होत नाही. एकदा गायलेली ओळ कॉपी करून आठ ट्रॅकवर ठेवली, तर आठही लहरी तंतोतंत एकमेकींवर बसतात आणि फक्त आवाज मोठा होतो. जाडी येते ती तीच ओळ आठ वेळा नव्याने गायल्यावर. दर वेळी सूर केसभर वर-खाली होतो, ‘स’ थोडा आधी किंवा नंतर पडतो, श्वास वेगळ्या जागी घेतला जातो. या बारीक फरकांतून कान ‘खूप माणसं’ ऐकतो. भजनी मंडळात वीस जण एकच अभंग म्हणतात तेव्हा हेच घडतं. कुणाचाही सूर काटेकोर नसतो, आणि सगळ्यांचा मिळून तो भरून येतो.

हे मी करून पाहिलं. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी खोलीतला पंखा बंद केला, खिडकीवर रजई टांगली आणि एसएम ५७ समोर चार ओळी आठ वेळा गायलो, फॉल्सेटोत. पहिल्या दोन वेळा मी ‘गात’ होतो, म्हणजे भाव आणत होतो. तिसऱ्या वेळेला आधीचे दोन आवाज हेडफोनमध्ये ऐकू येत होते, त्यांच्याशी जुळवून घेणं भाग होतं. चौथ्यानंतर भाव आणायला जागाच उरली नाही. सगळं लक्ष एका गोष्टीवर: मघाशी जो माणूस गायला त्याने ‘आ’ किती लांबवला होता? पाचव्या टेकच्या मध्यावर शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी आली, तो टेक पुन्हा घेतला. आठवा संपला तेव्हा घसा सुकला होता. मग आठही एकत्र वाजवले, आणि खोलीत जे वाजलं ते माझं वाटेना. माझ्याच दुःखाकडे मी जरा लांबून बघत होतो. तीन महिने रोज कित्येक तास हे करणाऱ्या माणसाचं काय झालं असेल, याचा थोडा अंदाज त्या दुपारी आला. कच्चा कढ आठ वेळा गाऊन टिकत नाही. जो टिकतो त्याचा तोवर सूर झालेला असतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, शब्दांकडे.

व्हर्ननने या गाण्यांचे शब्द आधी लिहिले नाहीत. त्याने चाल गुणगुणली, तीही निरर्थक अक्षरांत. तोंडाला येतील ते स्वर, येतील ती व्यंजनं. ते रेकॉर्ड केलं. मग ते पुन्हा पुन्हा ऐकून, त्या अक्षरांत कुठले शब्द दडल्यासारखे वाटतात ते टिपत गेला, आणि त्यातून ओळी जमवल्या. आवाजाने आधी आकार दिला, अर्थ मागाहून त्यात शिरला.

मराठी कानाला ही पद्धत अर्धी ओळखीची आहे, अर्धी परकी. आपलं भावगीत कवितेतून आलं. कवी लिहितो, संगीतकार त्या शब्दांचा भाव ओळखून चाल बांधतो, गायक शब्द स्वच्छ उच्चारतो. शब्द कळला नाही तर गाणं फसलं, असं आपण मानतो. दुसरीकडे सिनेमाच्या कामात चाल आधी होते, तिच्यावर काहीतरी ‘डमी’ शब्द घातले जातात आणि गीतकाराला मीटर हातात मिळतं. पण डमी शब्द फेकून द्यायचे असतात. व्हर्नन ते फेकत नाही, त्यांनाच कान लावून बसतो. मला याचं जवळचं नातं नोम-तोमच्या आलापीशी वाटतं. तिथे अक्षरांना अर्थ नसतो, पण कुठलं अक्षर कुठल्या सुरावर ठेवायचं याला नेमका अर्थ असतो. ‘री’ने सूर बारीक होतो, ‘नोम’ने तो मिटतो. तोंडाचा आकारच भाव ठरवतो.

ब्रेकअपच्या गाण्यांसाठी या क्रमाचा एक मोठा परिणाम होतो, आणि मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हाच. शब्द आधी आले की त्यांच्याबरोबर फिर्याद येते. कोण चुकलं, कोण आधी गेलं, कुणी फोन उचलला नाही. वही हे सगळं मागतेच, कारण वाक्याला कर्ता लागतो आणि कर्त्याच्या मागोमाग दोष येतो. अक्षरांतून वर आलेल्या ओळींत कर्ता अंधुक राहतो. या अल्बममध्ये नातं कसं सुरू झालं आणि कुठल्या दिवशी संपलं, हे नऊ गाणी ऐकूनही सांगता येत नाही. बर्फ आहे, लाकूड आहे, प्राणी आहेत, ऋणाच्या आणि पैशाच्या प्रतिमा आहेत, कुणालातरी मारलेली हाक आहे. खटला मात्र उभा राहत नाही. जिच्यापासून हा माणूस दुरावला ती पिंजऱ्यात येत नाही.

याला अपवाद ‘स्किनी लव्ह’चा, आणि तेच गाणं सर्वांत गाजलं. त्यात तो सरळ रागावतो. सुरुवात दबल्या आवाजात होते, आणि धृपदाशी आला की फॉल्सेटो सोडून छातीतून, जवळजवळ ओरडून, समोरच्याला बोल लावतो. गिटार नेहमीच्या जुळणीत नाही. तारा अशा लावल्या आहेत की नुसत्या मोकळ्या छेडल्या तरी पूर्ण कॉर्ड वाजते. त्यामुळे खाली तानपुऱ्यासारखा एक गुंजारव धरून राहतो आणि वर हा माणूस तुटत असतो. या गाण्याविषयी त्याने सांगितलंय की आधाराची गरज आहे म्हणून धरलेल्या नात्यावर ते आहे. अशा प्रेमाला अंग नसतं, ते हाडकुळं राहतं. म्हणजे बोल लावणारा स्वतःलाही सोडत नाही. मुलं माझ्याकडे येऊन ‘असं गाणं करायचंय’ म्हणतात ते बहुधा हेच. मी त्यांना सांगतो, हे गाणं एकटं ऐकू नका. त्याच्या आधीची दोन आणि नंतरचं एक ऐका. इतक्या धुक्यातून चालत आल्यावर तो ओरडतो म्हणून तो ओरडा लागतो. नऊच्या नऊ गाण्यांत ओरडला असता तर कुणी थांबलं नसतं.

मग एमा कोण? लोकांनी अर्थात शोध घेतला. व्हर्ननने मुलाखतींत सांगितलं की एमा ही व्यक्ती म्हणून बघू नका. माणूस जिथे अडकून पडतो अशी ती जागा आहे, पुसता न येणारी वेदना आहे. एका जुन्या नात्याचा धागा त्या नावामागे आहे, हेही दडून राहिलं नाही. इथे माझं मत त्याच्या जरा विरुद्ध जातं. अल्बमवर बाईचं नाव घातलं की लोक तिचं दार शोधणारच. नऊ गाण्यांत जपलेला आडपडदा शीर्षकातल्या एका शब्दाने फाटतो. ज्या व्यक्तीच्या हातात माइक नाही, तिला कुणाच्या तरी प्रसिद्ध दुःखाचा पत्ता होऊन जगावं लागतं. कलाकाराला आपल्या वेदनेवर हक्क आहे, तसा समोरच्यालाही विसरलं जाण्याचा हक्क आहे, असं मला मनापासून वाटतं. नाव बदलून घातलं असतं तर गाण्यातलं काहीही कमी झालं नसतं.

त्याच शीर्षकातला दुसरा भाग मात्र मला फार आवडतो. ‘फॉरएव्हर अगो’, युगांपूर्वी. ताज्या जखमेचा अल्बम म्हणून हा विकला गेला, आणि मुखपृष्ठावर तो स्वतः सांगतो की गोष्ट फार जुनी आहे. रॉलीतून निघताना तुटलेलं नातं हे एकच दुःख केबिनमध्ये गेलं नव्हतं. त्याच्या मागे बँड होता, मित्र होते, आजारपण होतं, पंचविशीत आपलं काही जमत नाही ही भावना होती, आणि या सगळ्याच्या तळाशी कुठलं तरी आधीचं प्रेम. आपल्याला वाटतं आपण परवाच्या भांडणावर रडतोय. बहुतेक वेळा आपण त्याच्या दोन खोल्या मागे उभे असतो. अर्थहीन अक्षरं गुणगुणणाऱ्याला त्या मागच्या खोलीत जाता आलं. वही उघडली असती तर तो परवाच्या तारखेवरच थांबला असता, असं मला वाटतं.

‘एकट्याचा अल्बम’ हेही तपासून बघायला हवं. शीर्षकगीत ऐका. ब्रासचे सूर अचानक येतात, ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन, जवळजवळ मिरवणुकीतल्यासारखे, आणि सगळ्या अल्बमवर ऊन पडतं. ते केबिनमध्ये वाजलेले नाहीत. ती वाद्यं दुसऱ्या वादकांनी वाजवली आणि नंतर रेकॉर्ड झाली. आपल्या सर्वांत एकाकी अल्बममधलं सर्वांत मोकळं गाणं त्याने दुसऱ्यांच्या सोबतीने पुरं केलं. नऊ गाणी तयार होती तरी तो त्यांना डेमो समजत होता. कंपन्यांना पाठवू, पुढे कधीतरी नीट स्टुडिओत करू, असा विचार. मित्रांनी ऐकलं आणि सांगितलं की हाच अल्बम आहे, याला हात लावू नकोस. हा सल्ला मला या प्रकरणातली सर्वांत मोठी मदत वाटते. स्वतःचं काम कुठे संपलं हे करणाऱ्याला कळत नाही. धुरकटपणा त्याला दोष वाटतो. त्याने ती गाणी चकचकीत स्टुडिओत परत गायली असती, तर शब्द ऐकू आले असते आणि बाकी सगळं गेलं असतं.

पुढचा व्यवहार थोडक्यात. २००७च्या उन्हाळ्यात त्याने स्वतः ५०० सीडी काढल्या. त्यातल्या अगदी मोजक्या समीक्षकांकडे गेल्या. संगीतावर लिहिणाऱ्यांत एकाने दुसऱ्याला सांगितलं, ऑक्टोबरमध्ये ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक वेबसाइटने भरभरून लिहिलं, आणि जॅगजॅगुवॉर या इंडियानातल्या छोट्या कंपनीने १९ फेब्रुवारी २००८ रोजी अल्बम रीतसर काढला. युरोपात तो त्याच वर्षी फोर-एडी या ब्रिटिश कंपनीकडून आला. २०११मध्ये बर्डी या किशोरवयीन ब्रिटिश गायिकेने ‘स्किनी लव्ह’ पियानोवर गायलं, आणि ते मूळ अल्बम कधीही न ऐकलेल्या घरांत पोहोचलं. फेब्रुवारी २०१२मध्ये बोन इव्हेरला दोन ग्रॅमी मिळाले, त्यांतला एक ‘सर्वोत्तम नवा कलाकार’ म्हणून. पहिल्या सीडी निघून तेव्हा चार वर्षं उलटून गेली होती. आलेल्या यशातून व्हर्नन न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसला गेला नाही. ओ क्लेअरजवळ गुरांच्या डॉक्टरांचा जुना दवाखाना होता, ती जागा घेऊन त्याने भावाबरोबर तिथे स्टुडिओ उभारला. या वेळी मित्र येतील-जातील अशी जागा बांधली, हे मला बोलकं वाटतं.

आवाजावर आवाज रचायची सवय त्याने सोडली नाही. त्याच्या पुढच्या, २००९मधल्या छोट्या रेकॉर्डवर ‘वुड्स’ नावाचं गाणं आहे. त्यात एकही वाद्य नाही. चार ओळी, पुन्हा पुन्हा, त्याच्याच आवाजाचे थर, ऑटोट्यून या सूर जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढलेले. ते कान्ये वेस्ट या अमेरिकन रॅपरच्या कानावर पडलं आणि त्याने २०१०च्या आपल्या अल्बमसाठी व्हर्ननला हवाईला बोलावून घेतलं. केबिनमधल्या गरजेतून आलेली युक्ती तीन-चार वर्षांत अमेरिकी पॉपच्या मधोमध पोहोचली.

या अल्बममध्ये मला न पटणारंही आहे. दुसऱ्या भागात दोन गाण्यांचा रंग इतका सारखा आहे की पहिल्यांदा ऐकताना ती एकमेकांत मिसळतात. शब्द धूसर ठेवण्याचा फायदा मी वर सांगितला. त्याचा तोटाही आहे. काही ओळींत तो खरोखर काही दडवतोय की नुसता सुंदर आवाज करतोय, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. आपल्या भावगीताच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला ते खटकणारच. पण मग शेवटचं गाणं लागतं, ‘रि: स्टॅक्स’, सात मिनिटांच्या आतबाहेरचं. शीर्षकातले ‘स्टॅक्स’ म्हणजे पोकरच्या टेबलावरच्या चकत्यांच्या थप्प्या. इथे थर जवळजवळ सगळे उतरवून ठेवले आहेत. गिटार, एक आवाज, भरपूर रिकामी जागा. आठ माणसांची फौज घेऊन चाललेला माणूस शेवटी एकटा येऊन बसतो आणि हिशेब करतो. या गाण्यात शब्द सर्वांत स्पष्ट ऐकू येतात. मला नाही वाटत हा योगायोग आहे. तोवर त्याला बोलता येऊ लागलं होतं.

राहिला एक प्रश्न, जो केबिनमध्ये त्याच्या डोक्यातही आला नसेल. हे मंचावर गायचं कसं? आठ आवाज, एक गळा. २००७मध्ये गावातल्याच कार्यक्रमांचे दिवस आले तेव्हा शॉन केरी नावाचा ड्रमर त्याच्याकडे आला. त्याने घरी बसून सगळी गाणी, ड्रमसकट आणि वरच्या सुरांसकट, ऐकून पाठ केली होती. मी वाजवतो, गातोही, म्हणाला. मग माइक नॉइस आला. शाळकरी वयात तो व्हर्ननकडेच गिटार शिकायचा. तिघांचे गळे झाले. तरी ‘द वुल्व्ह्ज’ या गाण्याच्या शेवटाला तीन पुरत नव्हते. तिथे एकच छोटी ओळ पुन्हा पुन्हा येते, जे हरवून बसलो असतो त्याबद्दलची, आणि दर फेरीला तिच्यावर आणखी आवाज चढत जातात, शेवटी ड्रम फुटेपर्यंत. रेकॉर्डवर तो सगळा जमाव एकटा व्हर्नन आहे. कार्यक्रमात तो समोरच्या लोकांना म्हणायचा, ही ओळ तुम्ही गा. हळू सुरू करा, मग ओरडा. लोक आधी बिचकतात, पुटपुटतात. मग कुणीतरी सूर सोडून गातं, त्याचं ऐकून शेजारचा. त्या वेळची रेकॉर्डिंग मी हेडफोन लावून ऐकतो तेव्हा सूर नीट लागलेला एकही आवाज वेगळा काढता येत नाही, आणि व्हर्ननचा स्वतःचा तर अजिबात नाही.